न पाहिलेली सात संग्रहालयं

फ्रान्सच्या दक्षिण भागातल्या सात संग्रहालयांची मला खडान्‌खडा माहिती आहे. बस कुठे सोडते, तिथून चढ किती आहे, आत शिरल्यावर आधी डावीकडे जायचं की उजवीकडे, हे मी न अडखळता सांगू शकते. त्यातलं एकही मी पाहिलेलं नाही. तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असणार की आजीला तिथलं सगळं ठाऊक आहे. ते खरं आहे. पण त्यावरून आजी तिथे जाऊन आली आहे असं तुम्ही धरून चालला असाल, तर ते चूक आहे. मी गेले का नाही, ते आता नीट क्रमाने लिहिते.

मी नागपूरला इंग्रजी शाळेत आणि मग इंग्रजीतूनच कॉलेजात शिकले. बी.ए.ला युरोपच्या इतिहासाचा एक पेपर होता आणि त्यात चित्रकलेचं एक छोटं प्रकरण होतं. शिकवणाऱ्या बाईंकडे एकच जाडजूड पुस्तक होतं, त्यातली चित्रं काळी-पांढरी. बाई ते पुस्तक उघडून छातीशी धरायच्या, चित्राची बाजू आमच्याकडे करून बाकांमधून फिरायच्या आणि रंग तोंडी सांगायच्या. ही भिंत पिकल्या लिंबासारखी पिवळी. ही खिडकी निळीच्या पुडीसारखी निळी. हा समुद्र इथे हिरवा, पण इथे, हा बोटीच्या खाली, जांभळा. आम्ही ते पेन्सिलीने वहीत उतरवून घ्यायचो. परीक्षेत रंगांना गुण नव्हते, तरी घ्यायचो. एकदा मी विचारलं, “बाई, तुम्ही पाहिलीत ही चित्रं?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “मलाही माझ्या बाईंनीच सांगितलं.”

त्या दिवसापासून मला ती चित्रं, ज्या उन्हात काढली त्या उन्हात जाऊन पाहायची होती. मुंबई-दिल्लीला कधी एखादं प्रदर्शन आलं तर ते नको होतं. तिथेच जायचं होतं. हा हट्ट मी कोणाला सांगितला नाही, कारण सांगण्यासारखा नव्हता. लग्न झालं, आणि तुमची आई पोटात असताना आम्ही जपानला गेलो.

तुमचे आजोबा कावासाकीत इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कंपनीत इंजिनियर होते. कंपनीच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं, दोन खोल्यांचं, एका खोलीत तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया. आजोबा सकाळी सात अठराची गाडी पकडत आणि परत येईपर्यंत जेवणं गार झालेली असत. माझं जपानी भाजी आणि कचऱ्याचे वार यांच्यापुरतं होतं. तुमची आई मात्र जपानी शाळेत जायला लागली आणि बघता बघता घरातली दुभाषी झाली. दारावरची घंटा, शाळेची पत्रकं, डॉक्टर, फोन, सगळं तिच्याकडे. दहा वर्षांची मुलगी आईचं दुखणं डॉक्टरांना सांगते हे काही बरं नाही, पण आमच्याकडे तसं होतं.

दर गुरुवारी पाच जपानी बायका माझ्याकडे इंग्रजी बोलायला यायच्या आणि मला सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, म्हणायच्या. त्यांतल्या एका बाईंचे यजमान निवृत्त झाले तेव्हा ती दोघं फ्रान्सच्या दक्षिणेला फिरून आली. परत आल्यावर त्यांनी मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. आत बिस्किटं नव्हती. संग्रहालयांची माहितीपत्रकं होती, नकाशे, तिकिटांचे तुकडे, सगळं नीट घडी घालून. त्या म्हणाल्या, “सेन्सेई, माझं पाहून झालं. आता तुमचं.”

मी त्या कागदांची कार्डं केली, एका संग्रहालयाला एक. नीसच्या टेकडीवरचं लाल भिंतींचं घर, भोवती ऑलिव्हची बाग, शेजारी रोमन लोकांची स्नानगृहं. आत एका अशा चित्रकाराची चित्रं, जो म्हातारपणी अंथरुणाला खिळल्यावर रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रं करायचा. आंतीबला समुद्राच्या तटावर उभा असलेला जुना किल्ला, खिडकीत पाणी आणि फळ्यांवर रंगवलेली मातीची भांडी. आर्लला दगडी शवपेट्या, दोन हजार वर्षांच्या, त्यांच्यावर शिकारी आणि द्राक्षं कोरलेली. एक्स नावाच्या गावी एका चित्रकाराची काम करायची खोली, जिथे त्याचा कोट अजून खुंटीवर आहे. मार्सेयला गोरगरिबांसाठी बांधलेलं जुनं घर, तीन मजली कमानी, मधे घुमटाचं देऊळ आणि त्या कमानींच्या मागे इजिप्तपासूनच्या वस्तू. उरलेली दोन इथे लिहीत नाही, कार्डांवर आहेत. कार्डावर वेळा, बसचा नंबर, जवळ बसायला बाक आहे की नाही, आणि आधी काय पाहायचं ते.

आजोबा माझ्या कार्डांकडे बघून म्हणायचे, “हेडबाई, एवढा अभ्यास मी इंजिनियरिंगला केला नव्हता.”

“म्हणूनच,” मी म्हणायची.

त्यांच्या कंपनीत दहा वर्षं नोकरी झाली की दहा दिवसांची सलग रजा मिळे. तिला सगळे ‘रिफ्रेश’ म्हणत. एरवी तिथे चार दिवसांची सलग रजा मागणं म्हणजे ऑफिसभर माफी मागत फिरणं. ही रजा मात्र मागावी लागत नव्हती. तारखा कंपनीच ठरवी आणि त्या बदलत नसत. पुढची मिळायची ती नोकरीला वीस वर्षं झाल्यावर. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आजोबांची पाळी आली, मेअखेरीची. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “तुझा डबा काढ.”

स्टेशनसमोरच्या ट्रॅव्हल एजन्सीची आठ दिवसांची सहल त्याच तारखांना होती. सातांपैकी पाच संग्रहालयं त्यात होती आणि उरलेल्या दोनांसाठी एक मोकळी दुपार. आमचे पासपोर्ट भारतीय, त्यामुळे व्हिसा लागायचा. शिवाय परत जपानमध्ये शिरायचा शिक्का आधी घ्यावा लागे. ते काम आजोबांच्या ऑफिसातल्या एक बाई बघणार होत्या. शिक्का झाला की पासपोर्ट एजन्सीत पोचवायचे आणि एजन्सी ते व्हिसासाठी पाठवणार. मी सगळ्या कामांची यादी करून ती फ्रिजवर लावली. एकेक काम झालं की लाल खूण.

आता त्या लाल पेनाबद्दल लिहायला हवं.

इंग्रजीत शिकलेल्या माणसाला आपल्या मराठीची कायम धाकधूक असते. मला होती. त्यामुळे तुमच्या आईचं मराठी मी फार कडकपणे सांभाळलं. आलेला प्रत्येक फोन तिने फोनजवळच्या वहीत मराठीत लिहायचा, असा नियम होता. जपानी शब्द चालणार नाही. मी घरी आले की वही बघायची आणि चुका लाल पेनाने सुधारायची. तिच्या चुका बहुतेक क्रियापदांत असत. ‘काकूने पिशवी दिला.’ ‘चावी ठेवला आहे.’ जपानीत वस्तूंना लिंग नाही, ती बिचारी अंदाजाने लिहायची. मी ‘दिला’ खोडून ‘दिली’ करायची आणि तिला ते पाचदा लिहायला लावायची.

त्या वर्षीच्या सुरुवातीला एकदा ती वही घेऊन स्वयंपाकघरात आली.

“आई, असात्तेला मराठीत काय?”

“परवा.”

“मग ओतोतोई?”

“तेही परवा.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “उद्याच्या नंतरचा पण परवा आणि कालच्या आधीचा पण परवा?”

“हो.”

“हेन दा नाआ,” ती म्हणाली, म्हणजे हे जरा विचित्रच आहे. “मग लोकांना कळतं कसं?”

“क्रियापदावरून,” मी म्हटलं. “परवा आला आणि परवा येणार. क्रियापद नीट असलं की सगळं कळतं.” मला हे उत्तर इतकं आवडलं की मी ते गुरुवारच्या बायकांनाही सांगितलं.

एप्रिलच्या शेवटी, एका सोमवारी, मी ग्रंथालयात गेले असताना घरी फोन आला. परत आले तेव्हा तुमची आई टेबलाशी गृहपाठ करत होती. वहीत तिच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘ट्रॅव्हलच्या बाईंचा फोन. पासपोर्ट परवा.’

मी वाचलं आणि हायसं वाटलं. शिक्क्याचं काम आदल्या आठवड्यात होणार असं आजोबा म्हणाले होते आणि त्यांच्या ऑफिसातल्या बाई घरी जाताना स्टेशनवरूनच जात. त्यांनी शनिवारी पासपोर्ट देऊन टाकले असणार, मी मनात म्हटलं. शनिवार म्हणजे परवा. मी यादीवर लाल खूण केली. मग वाक्य अर्धवट राहिलेलं मला बघवेना. वहीत ‘पासपोर्ट परवा’च्या पुढे मी लाल शाईने ‘पोचले.’ असं लिहिलं, पूर्णविरामासकट.

आजोबा आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, “अहो, पासपोर्ट पोचले बरं का एजन्सीत. परवाच.”

“अरे वा,” ते म्हणाले. “आमच्या बाई बोलल्या नाहीत काही. भारीच कामसू.” आणि जेवायला बसले.

गुरुवारी सकाळी पुन्हा फोन आला. तुमची आई शाळेत होती. एजन्सीच्या बाई फार मऊ आवाजात बराच वेळ बोलल्या. जपानी माणूस नाही म्हणतो तेव्हा आवाज असा मऊ होतो, हे मला दहा वर्षांत कळायला हवं होतं. मला वाटलं, सगळं ठीक आहे असं कळवताहेत. मी तीनदा ‘हाई’, म्हणजे हो, म्हटलं, आभार मानले आणि फोन ठेवला.

दुपारी तुमची आई आली तेव्हा म्हटलं, जरा त्यांना फोन करून विचार, अजून काही कागद लागताहेत का. तिने फोन लावला. दोन वाक्यं बोलली. मग नुसतं ऐकत राहिली. फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, पासपोर्ट आलेच नाहीत त्यांच्याकडे.”

“असं कसं? परवाच पोचले ना? तूच लिहिलंस.”

“मी ‘पोचले’ असं नाही लिहिलं.”

“मग काय लिहिलंस?”

“असात्ते. बुधवारपर्यंत द्या, नाहीतर व्हिसाची वेळ जाईल, असं म्हणाल्या त्या. बुधवार म्हणजे परवा. तूच सांगितलंस, परवा म्हण.”

मी वही उघडून तिच्यासमोर धरली. “मग क्रियापद कुठे आहे? ‘द्यायचे आहेत’ एवढं लिहायला काय झालं होतं?”

तिने वहीतला लाल शब्द पाहिला. पहिल्यांदाच पाहत होती. मी विचारलं, तू हे त्या दिवशी का नाही बघितलंस? ती म्हणाली, “तू लाल केलेलं मी बघत नाही.” मग, आता रडत, “द्यायचा का द्यायची का द्यायचे, मला येत नव्हतं. चुकलं की तू पाचदा लिहायला लावतेस. म्हणून मी शेवटचा शब्द लिहितच नाही.”

मी मागची पानं उलटून पाहिली. दोन-तीन महिन्यांपासून एकाही वाक्याला क्रियापद नव्हतं. ‘मावशीचा फोन, संध्याकाळी.’ ‘शाळेची मीटिंग शुक्रवारी.’ सगळीकडे मी लाल शाईने शेवट जोडले होते, आणि ती इतके दिवस असं का लिहिते आहे हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

पासपोर्ट आजोबांच्या ऑफिसातल्या बाईंच्या ड्रॉवरमध्ये सुखरूप होते. शिक्के झाले होते. आजोबा येऊन घेऊन जातील म्हणून त्या वाट पाहत होत्या, आणि हे इतके दिवस का येत नाहीत असं विचारणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. आजोबांनी दुसऱ्या दिवशी एजन्सीत जाऊन खूप विनवण्या केल्या. पण मधे सुट्ट्यांचा आठवडा येत होता, वकिलात बंद, आणि आमचे अर्ज त्याआधी जाणं शक्य नव्हतं. आमच्या तीन जागा गेल्या. रजेच्या तारखा बदलणार नव्हत्या.

तुमच्या आईला मी रागावले नाही. कधी कधी वाटतं, रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. मी लाल पेन कचऱ्यात टाकलं, न जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी, आणि वहीचा नियम रद्द केला. ती वहीत मग काहीच लिहीनाशी झाली. मी मराठीत विचारायची, ती जपानीत उत्तर द्यायची. ते तसं बरीच वर्षं चाललं.

मेअखेरी आजोबांची रजा सुरू झाली. ते म्हणाले, कामाकुराला जाऊ, हाकोनेला जाऊ. मी म्हटलं, तुम्ही दोघं जा. मला कुठेच जायचं नव्हतं. सहल नीसला पोचायची त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी कांदा चिरत होते, आणि हात थांबले. तिकडे सकाळचे दहा. नीसच्या टेकडीवरचं दार आता उघडत असेल. आमचा घोळका बसमधून उतरला असेल. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. आजोबा मागून आले आणि त्यांनी सुरी माझ्या हातातून काढून घेतली.

“कुठे आहोत आपण?” त्यांनी विचारलं.

“काही नाही हो.”

“सांग की. आज पहिला दिवस. तुझ्या त्या लाल घरात का?”

मी कार्ड आणलं. त्यांनी कांदा चिरला आणि मी कार्ड वाचलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते आपणहून येऊन बसले. “चला हेडबाई, आज किल्ला ना? ऊन फार आहे, टोपी घेतली का?” मला हसूही येई आणि रडूही. तिसरा दिवस मंगळवार होता. मी म्हटलं, “आज काही नाही. तिकडे मंगळवारी संग्रहालयं बंद असतात.”

“बरं झालं बाई,” ते म्हणाले. “माझे पाय जाम दुखताहेत.”

त्या आठ दिवसांत तो एकच दिवस मला सुखाचा गेला. त्या दिवशी तिथे असते तरी मला काही बघायला मिळालं नसतं. बाकी रोज पाच वाजता तिथली दारं उघडत होती. तुमची आई त्या वेळी पलीकडच्या खोलीत असायची, सरकतं दार लावून. दार कागदाचं होतं. तिला सगळं ऐकू जात होतं.

दोन वर्षांनी आम्ही भारतात, पुण्याला सासरी, परत आलो. मग सासूबाईंचं आजारपण, मग आजोबांचं. आजोबा गेल्यावर लोक म्हणाले, आता जाऊन या एकदा. पण गुडघे चढ चढू देत नाहीत, आणि त्या टेकड्या किती उंच आहेत हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. इच्छा कमी झाली असं मात्र समजू नका. वय वाढलं की इच्छा कमी होतात असं म्हणतात, माझा तसा अनुभव नाही. अजूनही संध्याकाळी कधी कांदा चिरताना डोळे भरतात, आणि ते कांद्याने नाही.

तुमची आई लग्नाआधी एका जपानी कंपनीत होती. त्या कामासाठी ती एकदा चार दिवस नीसला गेली. तिथून तिने मला फोन केला. मराठीत बोलली, सावकाश, शब्द शोधत.

“आई, मी त्या टेकडीवर आले आहे. बस तू म्हणतेस तिथेच सोडते.”

“आणि घर?”

“लाल आहे. ऑलिव्हची झाडं खूप म्हातारी आहेत, गं. बुंधे पिळल्यासारखे. मुलं फुटबॉल खेळताहेत त्यांच्याखाली.”

“आत काय काय पाहिलंस? आधी डावीकडे गेलीस ना?”

“आत नाही गेले. बंद होतं.”

“आज वार कोणता?” मी उगाचच विचारलं. मला वार माहीत होता.

“बुधवार.”

“असेल,” मी म्हटलं. “कसलीतरी सुट्टी असेल त्यांची.”

तिच्या मागून मला बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि तिकिटं फाडल्याचाही. आम्ही मग हवेबद्दल बोललो.

हे मी आजवर तिला बोलले नाही. पण हे पत्र तुम्हाला तीच वाचून दाखवणार, तुमचं मराठी अजून इतकं पुढे गेलेलं नाही. तेव्हा इथे आल्यावर ती थांबेल. तिला थांबू द्या, पाणी प्यायला द्या. मग पुढचं वाचायला सांगा.

बाळा, ते उघडं होतं हे मला त्याच वेळी कळलं होतं. माझ्या आधी पाहायचं नाही म्हणून तू दारातून परत फिरलीस. त्याचा मला काही उपयोग झाला नाही. मला ती चित्रं तू पाहिलेली हवी होती. या सुट्टीत तुम्ही सगळे तिकडे जाताय. मुलांना आत सोडून तू बाकावर बॅगा सांभाळत बसशील, मी ओळखते तुला. मुलांनो, तिला बसू देऊ नका. दोघांनी दोन हात धरा आणि आत न्या.